गरम फिलिंगसाठी कॅप पुढे ढकलू का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. खालच्या दाढेचं रूट कॅनल करायचंय, हाताशी 12,000 रुपये आहेत. डॉक्टरांनी मुळातल्या नळ्या भरण्याचे दोन दर सांगितलेत: साध्या पद्धतीने 4,500, गरम पद्धतीने 8,000. कॅपचे 6,500 वेगळे. गरम पद्धतीचं सील जास्त पक्कं असतं असं ऐकलंय, तर ती करून घ्यावी आणि कॅप पाच महिन्यांनी दिवाळीच्या बोनसमधून बसवावी का?

नको. तुमचं काम एवढंच असेल तर साधी पद्धत घ्या आणि कॅप लगेच बसवा.

दोन्ही पद्धतींत नळीत गट्टा पर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून केलेला पदार्थ आणि सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भरतात. साध्या पद्धतीत त्याच्या बारीक काड्या एकीशेजारी एक दाबून बसवतात. गरम पद्धतीत तो तापवून मऊ करतात आणि वरून दाबतात, त्यामुळे नळीच्या वाकड्यातिकड्या कोपऱ्यांत तो चांगला शिरतो. 1967 साली शिल्डर या दंततज्ज्ञांनी ही रीत मांडली. प्रयोगशाळेत तिचं सील उजवं ठरल्याचे निकाल आहेत. पण माणसांच्या तोंडातल्या दाढा पुढे कशा टिकल्या याचे अभ्यास 2007 मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा दोन्ही पद्धतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. गरम पद्धतीत मुळाच्या टोकाबाहेर पदार्थ जाण्याचं प्रमाण मात्र जास्त आढळलं.

याउलट वरच्या झाकणाचा परिणाम स्पष्ट आहे. 1995 मध्ये रे आणि ट्रोप या संशोधकांनी 1,010 दातांचे एक्स-रे तपासले, तर मुळाचं आरोग्य आतल्या भरण्यापेक्षा वरच्या फिलिंगच्या दर्जावर जास्त अवलंबून दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी दोन्हींचं महत्त्व मानलं, पण झाकणाचं महत्त्व कमी झालं नाही. 2002 च्या एका अभ्यासात कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांच्या सहा पट वेगाने गमावले गेले. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद टिकायची ती तोंड नीट लिंपलेलं असायचं म्हणूनच ना? पाच महिने तात्पुरत्या सिमेंटवर भाकरी चावलीत तर आतलं 8,000 चं कामही लाळेने खराब होऊ शकतं, आणि दाढ उभी चिरली तर ती काढावी लागते. मग इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, खर्च या दोन्ही दरांच्या बेरजेच्याही पुढे जातो.

हिशोब असा: 4,500 अधिक 6,500 म्हणजे 11,000. हातात 1,000 उरतात, तेवढे एक्स-रे आणि गोळ्यांना लागतीलच.

एक अपवाद आहे आणि तो डॉक्टरांना नक्की विचारा: "माझ्या दाढेच्या नळीचा आकार नेहमीपेक्षा वेगळा आहे का?" खालच्या दुसऱ्या दाढेत कधीकधी नळ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. तिथे काड्या नीट बसत नाहीत आणि गरम पद्धतीला पैसे मोजणं रास्त ठरतं. तसं असेल तर कॅपसकट 14,500 होतात, 2,500 कमी पडतात, आणि एक्स-रे-गोळ्यांचे 1,000 धरले तर 3,500. तेवढ्यासाठी छोटी एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड फारतर काही रुपये असेल. कार्डावरचा नो कॉस्ट ईएमआय घेऊ नका. त्यातल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फी, आणि एखादा हप्ता चुकला की महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका, अपघात नसेल तर दातांचा बाह्यरुग्ण खर्च बहुतेक पॉलिसीत बसत नाही. पैसे खरंच कमी पडत असतील तर सांगलीतल्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात.

आणि आगाऊ पैसे देण्याआधी आणखी एक विचारा: काम रबर डॅम लावून करणार का? दाढेभोवती रबरी पडदा लावला की लाळ नळीत उतरत नाही. हो म्हणाले तर त्याच भेटीत कॅपची तारीखही लिहून घ्या, शक्यतो महिन्याच्या आतली.