काचेच्या टेबलावर माउस का अडखळतो?

इंदूरच्या राजवाड्याजवळील आपल्या दुकानात काचेचे टेबल आल्यापासून पडद्यावरचा बाण थरथरतो आणि मध्येच उडी घेतो, तेव्हा माउस बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बदलू नये. दोष बहुधा काचेचा आहे.

माउसच्या तळाशी जो तांबडा दिवा दिसतो, त्याचा प्रकाश पृष्ठभागावर तिरपा पडतो आणि त्यामुळे कागदाचे तंतू, लाकडाच्या रेषा, कापडाची वीण यांच्या अतिसूक्ष्म सावल्या उमटतात. त्या सावल्यांची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे एक इवलासा कॅमेरा टिपतो, आणि आतील चिप लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून तीच नक्षी किती व कोणीकडे सरकली, हे ठरवते. संगणकाकडे जाते ते एवढेच: इतके आडवे, इतके उभे. माउस नेमका कोठे आहे हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण हलत नाही. स्वच्छ काचेवर सावली पडण्याजोगे जवळजवळ काही नसते, प्रकाशही बराचसा आरपार जातो, आणि चिपला जुळवायला नक्षीच सापडत नाही.

माउस अ‍ॅपलचा शोध आहे, हा आपल्या प्रश्नातील समज अ‍ॅपलच्याच १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकामुळे रूढ झाला असावा, पण तो बरोबर नाही. कल्पना कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या डग्लस एंगेलबार्ट यांची होती, आणि पहिला नमुना त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये घडवला, ज्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते. लाकडी खोके, वर एक बटण आणि खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, एक आडव्या हालचालीसाठी व दुसरे उभ्या, अशी ती रचना होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी ती जाहीरपणे दाखवली. पुढे चाकांच्या जागी गोळी आली, गोळीच्या जागी कॅमेरा आला, तरी आडवे-उभे मोजण्याचे मूळ तत्त्व तेच राहिले.

काचेवरची बारीक धूळ व ओरखडे टिपणारे माउसही मिळतात, परंतु ते महाग असतात. आपण आधी खजुरी बाजारातून जाड, बिनचकाकीचा कागद आणून माउसखाली ठेवून पाहावा.