रस्ता कोरडा, टायरला ट्रेड भरपूर, तरी थंडीत स्पोर्ट्स कार मागून का घसरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सेकंड-हँड मस्टँग, ताकद मागच्या चाकांना. जानेवारीत सकाळी साडेसहाला लॉ कॉलेज चौकातून डावीकडे वळताना जरा रेस दिली आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला. रस्त्यावर ना पाणी, ना रेती. टायर सहा वर्षांचे, पण ट्रेड, म्हणजे टायरवरची खाचांची नक्षी, पाच मिलिमीटर शिल्लक. मेकॅनिक म्हणतो थंडीमुळे झालं. तुम्ही विचारता, नागपूरची थंडी ती काय, तिने गाडी घसरते का? आणि टायर बदलायचेच तर दोन बदलू की चार?

भाऊ, मेकॅनिक अर्धा बरोबर आहे. तुमचे टायर जानेवारीत घसरले, पण ते खराब झाले मे महिन्यात. एका नाही, सहा मे महिन्यांत.

हे मला कसं कळलं ते आधी सांगतो. माझ्याकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-४ आहे. तीन लिटरचं टर्बो इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. या इंजिनाचा ४०० न्यूटन-मीटर टॉर्क १३०० आरपीएमलाच हजर होतो, म्हणजे पाय टेकवला की मागच्या चाकांना झटका बसलाच. जानेवारी २०२३ मध्ये एका रविवारी पहाटे मी आणि माझा भाचा तर्री पोहे खायला निघालो. रामदासपेठेतून सेमिनरी हिल्स, तिथून फुटाळ्याला उतरायचं, असा लांबचा वळसा मुद्दामच घेतला होता. मीटरवर बाहेरचं तापमान साडेनऊ डिग्री. भाचा म्हणाला, "मामा, दे ना थोडी रेस."

मामा लोक अशा वेळी जे करतात ते मी केलं. गाडीत ट्रॅक्शनचं एक बटण आहे, ते दाबलं की कंप्युटर चाकांना जास्त घसरू देतो. ते दाबलं, जपानी गार्डनच्या बाजूला डावं वळण आलं, आणि वळण अर्धंच झालेलं असताना पाय दाबला. फार नाही, निम्मा. गाडीने मागून उजवीकडे अशी लाथ मारली की भाच्याच्या हातातला फोन डॅशबोर्डवरून काचेला जाऊन लागला. मी घाबरून पाय पूर्ण उचलला. तीच दुसरी चूक. चाकांना एकदम पकड मिळाली, स्टेअरिंग तोवर मी उजवीकडे फिरवलेलं होतं, आणि गाडी सरळ डिव्हायडरकडे झेपावली. पुढचं उजवं चाक कठड्यावर आदळलं. रिमला तडा, हवा गेली, एअरबॅग उघडल्या नाहीत हे नशीब. वेग तीस-पस्तीसचा असेल, त्याहून जास्त नाही.

माकडटोपी घातलेले एक काका मॉर्निंग वॉक सोडून आले. "ब्रेक फेल झाले का भाऊ?" मी "हो" म्हटलं. भाचा माझ्याकडे पाहत राहिला, पण काही बोलला नाही. पोरगा चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. मी कटकट करून राहिलो होतो रिमची, तो मात्र मागच्या टायरपाशी उकिडवा बसला. अंगठ्याचं नख ट्रेडच्या ठोकळ्यात दाबलं. मग रॅकवरचा तसलाच नवा टायर ओढला आणि मला म्हणाला, "आता तुम्ही दाबा." नव्यात नख रुतलं, काढल्यावर खूण हळूहळू भरून आली. माझ्या टायरवर नख नुसतं सरकलं. "हा टायर नाही, फरशी होय," तो म्हणाला. मग बाजूच्या भिंतीवरचा कोड दाखवला : १८१६. म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. गाडी मी २०२१ मध्ये घेतली तेव्हा विकणाऱ्याने "टायर नवेच समजा, गाडी चाललीच नाही" असं सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. गाडी खरंच चालली नव्हती. ती टिनाच्या शेडखाली उभी होती, नागपूरच्या उन्हाळ्यात.

आता कारण. स्पोर्ट टायरची पकड फक्त ट्रेडच्या खोलीने येत नाही. खाचा असतात पाणी बाहेर काढायला. कोरड्या रस्त्यावर काम रबराचं. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी जवळून पाहिला तर तो खरखरीत असतो. मऊ रबर त्या बारीक खळग्यांत शिरतं, त्यांना चिकटतं, आणि पुढे सरकताना दबून पुन्हा फुलतं. त्या दबण्या-फुलण्यात जी ऊर्जा खर्च होते, तीच पकड म्हणून आपल्या हाताला जाणवते. फ्रिजमधून काढलेल्या कणकेची पोळी लाटून पाहा आणि ताज्या मळलेल्या कणकेची लाटून पाहा, फरक कळेल. रबर थंड झालं की कडक होतं, खळग्यांत शिरत नाही, वरून घसरतं. बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं एकदम नाही, हळूहळू. म्हणून तर कळत नाही.

युरोपात उन्हाळी टायरसाठी ७ डिग्रीची खूणगाठ सांगतात, त्याखाली हिवाळी टायर घाला म्हणतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा साडेतीनपर्यंत उतरला होता, पण ते अपवादाचं. एरवी आपली पहाट नऊ ते तेराच्या घरात. नव्याकोऱ्या स्पोर्ट टायरला दहा डिग्री आवडत नाही, पण चालतं. जरा जपून चालवा, झालं. म्हणून नुसत्या थंडीवर बिल फाडणं मला पटत नाही.

खरं काम करतं ते वय. रबरात ते मऊ ठेवणारी तेलं मिसळलेली असतात, ती वर्षानुवर्षं निघून जातात. ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांना एकमेकींत आणखी घट्ट बांधत जातो. रासायनिक क्रियेचा ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने वाढलं की वेग दुपटीच्या आसपास जातो. आता हिशेब करा : मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५, टिनाखाली त्याहून जास्त, डांबरावर विचारूच नका. पुण्याच्या टायरचं सहावं वर्ष आणि नागपूरच्या टायरचं सहावं वर्ष एक नाही. त्यातही स्पोर्ट टायरचं रबर मुळात मऊ, पकडीसाठीच बनवलेलं, म्हणून वयाबरोबर त्याच्याकडे गमावण्यासारखंही जास्त असतं. कडकपणा मोजायचं ड्युरोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. नवं रबर त्यावर साधारण साठीच्या घरात दाखवतं, म्हातारं सत्तरी ओलांडतं. पण नखाने काम भागतं. नवा टायर शेजारी ठेवून दाबा, नाहीतर फरक कळत नाही.

आणि बघा, गंमत अशी की उन्हाळ्यात हाच कडक टायर बरा वाटतो. ४० डिग्रीला रस्ता तव्यासारखा, टायर स्वतः साठ-सत्तरला गेलेला, तेव्हा म्हातारं रबरसुद्धा बऱ्यापैकी मऊ पडतं. तुम्ही गाडी दिवाळीपर्यंत मजेत चालवली असणार. पकड कमी होत होती, पण ऊन ती झाकून ठेवत होतं. समृद्धीवर जायचं म्हटलं की लोक टायरची चिंता करतात, ती उन्हाळ्यात फुटण्याची, आणि ती रास्तच आहे. पण त्याच म्हाताऱ्या टायरचं दुसरं दुखणं जानेवारीत निघतं, तेव्हा कुणी कोड बघत नाही.

हवेचंही एक आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीला ३६ पीएसआय भरलेली हवा, गळती काहीही नसताना, जानेवारीच्या दहा डिग्रीत तीसच्या आसपास दाखवते. पंपावर विचारलं तर पोरगा "बरोबर आहे सर" म्हणतो. स्वतःचा गेज ठेवा, आणि गाडी हलवण्याआधी मोजा.

आता तुमचा पाय. रागावू नका, माझाही होता. टायरकडे पकडीचा एकच खिसा असतो. वळायला त्यातूनच द्यायचं, वेग घ्यायला त्यातूनच, ब्रेकलाही त्यातूनच. वळताना खिसा जवळजवळ रिकामा झालेला असतो, वर तुम्ही रेस दिली की मागचे टायर हात वर करतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी नुसती सरळ जाऊ पाहते, पाय उचलला की सावरते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मात्र भोवऱ्यासारखी फिरायला बघते. त्यात थंड रबराची एक वाईट खोड : ते इशारा देत नाही. ताजा टायर घसरण्याआधी किंचित चिरकतो, सीटमधून कळतं की आता पुरे. माझ्या टायरने काहीच सांगितलं नाही. आहे, आहे, आहे, आणि मग नाही.

मागून सुटली तर पाय झटक्यात उचलायचा नाही, आणि ब्रेक तर नाहीच. रेस हळू सोडायची, नजर जिथे जायचं तिकडे, स्टेअरिंग तिकडेच, आणि पकड परतताच स्टेअरिंग तेवढ्याच चपळाईने सरळ. शेवटचं मी विसरलो, म्हणून डिव्हायडर. खरं सांगू? चौकात, वर्दळीत हे सगळं दोन सेकंदांत जमवणारे फार थोडे. त्यापेक्षा ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारा कंप्युटर, चालू ठेवा आणि पहिली पंधरा मिनिटं वळणात जोर लावू नका. इंजिनाचा काटा मधोमध आला म्हणजे टायर गरम झाले असं नसतं. इंजिन पाच मिनिटांत तापतं, टायर शहरातल्या पन्नासच्या वेगाने फार सावकाश. आणि ते रेसवाल्यांसारखं डावी-उजवीकडे नागमोडी चालवून टायर तापवणं मनातून काढून टाका. आपल्या रस्त्यावर त्याने टायरपेक्षा ट्रॅफिक पोलीस लवकर तापतो.

टायर दोन की चार? चारांचा कोड एकाच काळातला असेल तर चार. पैशाची ओढ असेलच, तर दोन घ्या आणि ते मागेच लावा. बरेच टायरवाले नवे पुढे लावून जुने मागे ढकलतात, स्टेअरिंग हलकं वाटतं, गिऱ्हाईक खूश. तुमच्या-माझ्या गाडीला ते घातक. मागचे सुटले तर सावरायला काही उरत नाही. पुढचे-मागचे वेगळ्या रुंदीचे असतील तर अदलाबदलीचा प्रश्नच नाही. ऑल-सीझन, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्हीला चालणारे टायर घेऊ का, असंही काही जण सुचवतील. मी घेतले नाहीत. सहा आठवड्यांच्या पहाटांसाठी बाकीच्या साडेदहा महिन्यांची पकड कोण सोडणार?

घेताना एकच गोष्ट अडून बसून करा. आपल्याकडे या मापाचे टायर रोज विकले जात नाहीत, म्हणून गोदामात पडून राहतात. मला पहिल्या दुकानात चकचकीत, स्टिकर लावलेला, "एकदम नवा" टायर दाखवला, त्याचा कोड तीन वर्षं जुना होता. सवलत चांगली होती, मोह झाला. दुसऱ्या दुकानात पाच महिन्यांपूर्वीचे मिळाले, मागवायला बारा दिवस लागले. कोड पूर्ण फक्त एकाच बाजूला असतो, बरेचदा आतल्या, त्यामुळे टायर रिमवर चढवायच्या आधीच टॉर्च मारून वाचून घ्या. चढवल्यावर दुकानदार म्हणेल "आता उतरवू कसा सर". आणि नव्याच्या अंगावर साच्यातलं गुळगुळीतपण असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर तेही जपून.

तुमच्या टायरच्या त्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो टाका. पॉलिश मारलेलं असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा, पॉलिशखाली भेगा लपतात. आणि विकणाऱ्याला विचारा, गाडी उभी कुठे असायची.