रिकामी कार्ट्रिज फेकू नका, आधी फुटपट्टी घ्या

प्रश्न : अमळनेर तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याच्या पावत्या, प्रिंटर दिवसभर चालूच असतो. एचपीचा लेझर प्रिंटर आहे, १२ए कार्ट्रिज लागते. एका दुकानातून दोनदा भरून आणली, दुसऱ्या वेळेपासून पानावर काळे ठिपके येताहेत आणि प्रिंटरमध्ये पावडर सांडते. दुकानदार म्हणतो कार्ट्रिज गेली, नवीन घ्या. अशा अकरा कोपऱ्यात पडल्या आहेत. खरंच गेल्या का? आणि रिफिलने प्रिंटरची वॉरंटी जाते का?

उत्तर : अकरा! दादा, त्या भंगारात घालू नका, त्यातल्या निम्म्या तरी जिवंत निघतील असा माझा अंदाज आहे.

आधी एक काम करा. ठिपके असलेलं पान घ्या, वर फुटपट्टी ठेवा आणि एकाच जागचा ठिपका खाली परत कुठे आलाय ते मोजा. साधारण साडेसात सेंटिमीटरवर परत परत येत असेल तर दोष ड्रमचा, म्हणजे पावडर कागदावर उमटवणाऱ्या कार्ट्रिजमधल्या रुळाचा. १२ए चा ड्रम २४ मिलिमीटर जाड असतो, एक फेरा पूर्ण झाला की तोच ओरखडा पुन्हा कागदावर उमटणार. वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ असेल तर ड्रम पुसणारं ब्लेड नाहीतर ड्रमवरचा गोल चरा. दोन्ही पार्ट सुटे मिळतात, जळगावला गोलाणी मार्केटला चक्कर मारली की समजेल, आणि नव्या कार्ट्रिजच्या मानाने खर्च काहीच नाही.

आता पावडर का सांडते ते. ड्रमवरचं सगळंच टोनर, म्हणजे ती काळी पावडर, काही कागदावर जात नाही, उरलेलं एक रबरी ब्लेड खरवडून मागच्या वेस्टच्या कप्प्यात ढकलतं. घाईचा माणूस काय करतो, भरायच्या बाजूचं बूच काढलं, पावडर ओतली, बूच लावलं, दोन मिनिटात मोकळा. वेस्टचा कप्पा उघडायला पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग करावे लागतात, तेवढा वेळ कोण देतो. मग दुसऱ्या तिसऱ्या भरण्याला तो कप्पा गच्च होतो आणि बाहेर ओकतो. म्हणजे तुमची कार्ट्रिज मेली नव्हती, तिचं पोट साफ केलं नव्हतं. पुढच्या वेळी समोर उभं राहून "वेस्ट काढलं का" एवढंच विचारा. आणि ते वेस्ट पुन्हा भरू देऊ नका, त्यात कागदाचा भुसा असतो, प्रिंट राखाडी येते. असं मिसळून भरणारेही आहेत, मी पाहिलेत.

ही साफसफाई घरात करू नका बरं. मी नवीन होतो तेव्हा तो कप्पा तोंडाने फुंकला होता, पुढचे दोन दिवस रुमालात काळंच. टोनर म्हणजे शाई नाही, प्लास्टिक आणि काळ्या रंगाची अतिबारीक भुकटी, प्रिंटरमध्ये उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. म्हणून कपड्यावर सांडलं तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने बसलं की गेला शर्ट. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर लावूच नका, त्याच्या फिल्टरमधून ती आरपार जाते.

वॉरंटीचं म्हणाल तर एचपीच्या वॉरंटीतच लिहिलंय की रिफिल वापरली एवढ्यावरून ती जात नाही, पण बिघाड त्या कार्ट्रिजमुळेच झाला असेल तर दुरुस्तीचे पैसे तुमचे. अमेरिकेत तर हा झगडा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, लेक्समार्क ही प्रिंटरची कंपनी म्हणत होती आमच्या रिकाम्या कार्ट्रिज भरून विकायच्या नाहीत, २०१७ साली कोर्टाने सांगितलं, एकदा विकली की त्या वस्तूवर पेटंटचा हक्क चालत नाही. तो निकाल तिकडचा, पण मुद्दा मला पटतो.

प्रश्न : भुसावळला शिक्षिका आहे. घरी इंकजेट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिला की शाई भरलेली असूनही कोरं पान येतं. दरवर्षी नवीन कार्ट्रिज घ्यावी लागते.

उत्तर : ताई, भुसावळचं ऊन म्हणजे विचारायलाच नको, तिथे वाळवणाचे पापड दोन तासात कडक होतात तिथे शाईचं काय होणार. तुमच्या कार्ट्रिजला खालीच प्रिंट हेड असेल तर त्याच्या बारीक छिद्रांवर शाई वाळली आहे एवढंच. मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून पिळा, त्यावर छिद्रांची बाजू मिनिटभर टेकवून ठेवा, घासू नका, शाईचा डाग उमटला की समजा वाट मोकळी झाली. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका. सुट्टीत आठवड्याला एक रंगीत पान काढा. आणि भरायची असेल तर पूर्ण कोरडी व्हायच्या आत भरा, आतल्या बारीक हीटरला शाईच थंड ठेवते, शाईशिवाय चालवलं की तो जळतो आणि मग कितीही सिरिंज टोचा, उपयोग नाही. हेड काही जन्मभराचं नसतं, तीन चार भरण्यांनंतर फिकं यायला लागलं तर सोडून द्या.

प्रश्न : शिरपूरला झेरॉक्सचं दुकान आहे. खरंच मेलेल्या कार्ट्रिज भंगारवाला किलोवर नेतो. चालतं ना?

उत्तर : नेतो, पण लोखंडी शाफ्ट आणि ॲल्युमिनियमचा ड्रम काढून घेतो आणि बाकीचं प्लास्टिक पावडरसकट गावाबाहेर पेटवतो, तो वास तुम्हाला ओळखीचा असेलच. कायद्याने प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही ई-वेस्टच आहे, नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत आणि त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे. एचपीची प्लॅनेट पार्टनर्स योजना १९९१ पासून चालू आहे, तुमच्या ब्रँडची अशी योजना असेल तर साइटवर सापडते. नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीवाल्या रिसायकलरची यादी आहे. एकट्या दुकानाच्या चार कार्ट्रिजसाठी कोणी गाडी पाठवणार नाही, म्हणून आजूबाजूच्या झेरॉक्सवाल्यांना, शाळेला, पतपेढीला सांगा, प्रत्येक कार्ट्रिज पिशवीत घालून चिकटपट्टी मारा आणि एका खोक्यात साठवा. खोकं उभंच ठेवा, आडवं पडलं तर फरशी पुसता पुसता दिवस जाईल.