क्वार्ट्झ आणि काच दोन्ही सिलिकाच, मग घड्याळात काच का चालत नाही?

क्वार्ट्झ आणि शुद्ध सिलिकाची काच यांचे रासायनिक सूत्र एकच असताना घड्याळाला क्वार्ट्झच का लागतो, आणि अस्फटिकी (अणूंची दूरवर नियमित मांडणी नसलेला) पदार्थ ‘स्मार्ट’, म्हणजे बाहेरच्या बदलाला उपयोगी प्रतिसाद देणारा, असूच शकत नाही का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अणूंच्या मांडणीत आहे.

दोन्ही पदार्थांत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो. अस्फटिकी म्हणजे सगळाच गोंधळ, हा रूढ समज मला म्हणूनच खटकतो. लगतच्या अणूंपुरती शिस्त काचेतही असते. मात्र क्वार्ट्झमध्ये हीच रचना मळसूत्री वळणे घेत संपूर्ण स्फटिकभर एकाच क्रमाने चालू राहते, तर काचेत दर सांध्यापाशी कोन थोडा बदलतो आणि थोड्याच अंतरावर तो क्रम हरवतो. त्यामुळे क्वार्ट्झचे गुणधर्म दिशेनुसार बदलतात, काचेचे सर्व दिशांना सारखेच राहतात.

आता दाब द्या. दोन्हींत धन आणि ऋण प्रभार किंचित सरकतात. पण क्वार्ट्झमध्ये ही सरक सगळीकडे एकाच दिशेने होत असल्याने तिची बेरीज होऊन पृष्ठभागांवर विद्युत्‌प्रभार दिसतो, तर काचेत ती वाटेल त्या दिशांना होऊन एकंदरीत रद्द होते. हा दाबविद्युत् परिणाम प्येर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवला. अर्थात नुसते स्फटिकी असणे पुरेसे नाही, हेही लक्षात घ्यावे: मिठाचा स्फटिक अगदी सुबक असला, तरी त्याच्या रचनेला सममितीचे केंद्र (ज्याच्या समोरासमोरच्या बाजूंना रचना सारखीच असते असा बिंदू) असल्यामुळे तो दाबल्यावर वीज देत नाही.

घड्याळात याच परिणामाची उलट बाजू वापरतात. विद्युत्‌दाब दिला की क्वार्ट्झ किंचित वाकतो. काही मिलिमीटर लांबीच्या धातूच्या नळकांड्यात क्वार्ट्झचा चिमुकला नादकाटा (दोन दात्यांचा ट्यूनिंग फोर्क) बसवलेला असतो आणि तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका 1 उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. हा नादकाटा स्फटिकाच्या अक्षांशी ठरावीक कोन साधून कापतात, जेणेकरून साधारण 25 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान थोडे कमीजास्त झाले, तरी कंपनसंख्या फारशी ढळू नये. काचेला अक्षच नसल्याने असा कोन निवडण्याचा प्रश्नच येत नाही. तोच क्वार्ट्झ सुमारे 1,700 अंशांवर वितळवून नेहमीसारखा थंड केला, तर अणू तेच राहतात, पण काच तयार होते आणि हा गुण नाहीसा होतो.

तरीही अस्फटिकी अवस्थेला कमी लेखू नये. सिलिकाची काच उष्णतेने इतकी कमी प्रसरण पावते की लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, तरी सहसा तडकत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला पुनर्लेखनक्षम डीव्हीडी हे उत्तम उत्तर आहे. तिच्यातील एका प्रचलित मिश्रणात जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम असतात. लेसरच्या तीव्र झोताने ठिपका वितळून झटकन थंड झाला की तो अस्फटिकी होतो आणि कमी प्रकाश परावर्तित करतो. सौम्य झोताने, न वितळवता, थोडा वेळ तापवला की अणू पुन्हा रांगेत बसतात आणि परावर्तन वाढते. या दोन अवस्थांमधला फरक हीच तिथे लिहिलेली माहिती असते.