नऊ इंची भिंतीत विटा कशाही लावल्या तर चालतात का?

तुमचा प्रश्न असा: जुळे सोलापुरात घर बांधताय, कॉलम न घेता नऊ इंची भिंतींवरच स्लॅब टाकायचा आहे, भिंत कमरेपर्यंत आली आहे, आणि गवंडी म्हणतो, "वरून प्लास्टर येणारच आहे, आत विटा कशा बसल्यात ते कोण बघतंय?" तुम्ही इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड अशी विटांच्या जोडणीच्या पद्धतींची नावं वाचलीत आणि त्यातला कोणता सांगावा हे विचारलंय.

नाही, कशाही लावलेल्या चालत नाहीत. पण नावात अडकू नका. तुमच्या गवंड्याला इंग्लिश बाँड हा शब्द ठाऊक नसेल, तरी हात बसलेला असेल तर तो तेच बांधेल. उलट नावं पाठ असलेले आमच्यासारखे डिप्लोमावालेच साइटवर फसतात.

दहावीच्या सुट्टीत मी चुलत्यांच्या हाताखाली बिगारी होतो. ते पक्के गवंडी. एका दुपारी ते जेवायला गेल्यावर मी थापी हातात घेतली आणि चार थर चढवले. दोरीत होते, ओळंब्यात होते, मला कोण आनंद! काका आले, बघितलं आणि म्हणाले, "काय बे, भिंत बांधालास का विटा रचून ठेवालास?" मग त्यांनी मला समोरून नाही, वरून बघायला लावलं. मी बाहेरच्या अंगाला विटांची एक रांग लावली होती, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या फटीत माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, ओतला होता. चारही थर तसेच. ती नऊ इंची भिंत नव्हतीच. पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या दोन साडेचार इंची भिंती होत्या. संध्याकाळपर्यंत त्या विटा सोडवून धुऊन काढायचं काम माझ्याकडेच आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आलं. विटांच्या जोडणीच्या साऱ्या पद्धती दोनच गोष्टींसाठी आहेत. खालच्या थराचा उभा सांधा वरच्या विटेने झाकला गेला पाहिजे, हे समोरून दिसतं. आणि काही विटा भिंतीच्या जाडीतून आरपार गेल्या पाहिजेत, म्हणजे आतली आणि बाहेरची रांग एकमेकांना धरून राहते. हे प्लास्टरच्या आधी फक्त वरून दिसतं. मागे एका घरमालकांना मी हे समजावत होतो. ते यंत्रमागावर काम केलेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं: "म्हणजे यात नुसता ताणा आहे, बाणा घातलाच नाही." इतक्या कमी शब्दांत मला आजवर सांगता आलेलं नाही.

आरपार बांधणी नसली की काय होतं, ते आपल्या भागाने पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात पडलेल्या पुष्कळशा भिंती दोन-दोन फूट जाड होत्या. दगड-मातीच्या. पण बाहेरचा आणि आतला पदर बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादरा बसल्यावर दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि वरच्या मातीच्या जड धाब्यासकट खाली आले. नंतर जुन्या घरांच्या दुरुस्तीत भिंतीला भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरायची पद्धत सांगितली गेली, ती याचसाठी. तुमच्या भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या आहेत, तुलना एकास एक नाही. तरी लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीला घरभर सलग काँक्रीटचा पट्टा घ्याच.

आता तुमच्या भिंतीसाठी इंग्लिश बाँड. एक थर लांबीचा, त्यात विटा भिंतीच्या दिशेने, दोन शेजारी शेजारी. त्यावरचा थर टोकांचा, त्यात प्रत्येक वीट आरपार. पुन्हा लांबीचा, पुन्हा टोकांचा. बस.

खरी परीक्षा कोपऱ्यावर असते, आणि ते गणित एकदा समजून घ्याच. टोकांच्या थरात प्रत्येक वीट समोरून साडेचार इंच दिसते. कोपऱ्यापासून तशाच लावत गेलं तर सांधे साडेचार, नऊ, साडेतेरा, अठरा इंचांवर येतात. खालच्या लांबीच्या थराचे सांधे नऊ आणि अठरावर. म्हणजे दर दुसरा सांधा बरोबर सांध्यावर बसला, उभी चीर आपल्याच हाताने आखून ठेवली. म्हणून कोपऱ्यावरच्या पहिल्या विटेनंतर लांबीत चिरलेली, सव्वादोन इंच रुंदीची फाड घालतात. पुस्तकात तिला क्वीन क्लोजर म्हणतात. ती घातली की पुढचे सांधे पावणेसात, सव्वाअकरा, पावणेसोळा असे पडतात, आणि खालचा नऊचा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली जातो. फाड अगदी टोकाला ठेवायची नाही, ती तिथून निसटते. पहिली वीट अख्खी, मग फाड. वीट लांबीत चिरताना हमखास मोडते, म्हणून कंटाळा करून तिथे खडे आणि माल भरला जातो. कटरने दहा-वीस फाडी आधीच कापून ठेवायला सांगा.

एक लबाडी सांगून ठेवतो. टोकांच्या थरात अख्ख्या विटेऐवजी बाहेरून एक अद्धा, म्हणजे अर्धी वीट, आतून एक अद्धा लावतात. साइटवर मोडक्या विटांचा ढीग पडलेला असतो, तो असा खपतो. समोरून बघितलं तर देखणा इंग्लिश बाँड, आणि आत माझ्या त्या दुपारच्या भिंतीसारखंच. तेव्हा थर उघडा असताना वरून बघा.

विटेचं मापही बघा. लांबी ही दोन रुंद्या अधिक एक सांधा एवढी असली तरच हा खेळ जुळतो. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट 190 × 90 × 90 मिलिमीटर आहे. 90 आणि 90, मध्ये 10 चा सांधा, झाले 190. जुन्या धर्तीची 230 × 110 × 70, तिचंही तसंच. पण बाजारात नऊ-चार-तीन म्हणून येते तिच्या दोन रुंद्या आठच इंच होतात, मध्ये इंचभर फट उरते. ती मालाने पूर्ण भरली पाहिजे, वरवर थापी फिरवून चालत नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशावरचा वीज प्रकल्प आल्यापासून राखेच्या विटा मला साइटवर जास्त दिसतात. त्यांच्या कडा भट्टीच्या विटांपेक्षा सरळ असतात, त्यामुळे जोडणी सोपी जाते. माप मात्र त्यांचंही मोजून घ्या.

फ्लेमिश बाँडमध्ये प्रत्येक थरात एक लांबी, एक टोक असं आळीपाळीने येतं. उघड्या विटांची भिंत ठेवायची असेल तर सुंदर दिसतं, पण त्यात अद्धे-फाडी जास्त आणि हात फार सफाईचा लागतो. प्लास्टर करणार असाल तर सोडून द्या. आतल्या साडेचार इंची भिंतीत आरपारचा प्रश्नच नाही. सगळ्या विटा लांबीच्या, एकाआड एक थर अद्ध्याने सुरू करायचा, आणि तीन-साडेतीन फुटांवर काँक्रीटची पट्टी. नुसत्या टोकांचे थर गोल बांधकामाला, विहिरीला वगैरे.

अजून वरचा मजला बांधायचा असेल तर रॅट ट्रॅप बाँडचा विचार जरूर करा. मला ही पद्धत मनापासून आवडते. विटा पालथ्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात साधारण तीन इंचांची पोकळी राहते. आरपार विटा यातही आहेतच, प्रत्येक थरात. 1917 साली इंग्लंडात जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत तिकडे रुजवली. विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात, माल कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावून बघितलेल्या सोलापूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र कोपरे, दारा-खिडक्यांच्या कडा, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा थर भरीव हवा, आणि वायरिंगचे पाइप आधीच ठरवायला हवेत. नंतर छिन्नी घेऊन भिंत फोडत बसलात तर सगळंच गेलं. ज्या गवंड्याने हे कधी केलं नाही त्याला आधी कंपाउंडवर करायला द्या.

शेवटी भिंतीला भिंत मिळते तिथलं. आमच्याच घरी मागे एक खोली वाढवली तेव्हा नवी भिंत जुनीला नुसती टेकवली, जुन्या भिंतीत विटा घुसवल्या नाहीत. काम माझ्याच देखरेखीखाली, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नाही. पहिला पावसाळा गेला, काळी माती फुगली आणि मग आकसली, आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर पडली. आता तुमच्याकडे: आडवी भिंत नंतर बांधायची असेल तर आत्ताच एकाआड एक थरातून दाते, म्हणजे पुढे काढलेल्या विटा, बाहेर सोडायला सांगा. लांब भिंत अर्धवट थांबवायची असेल तर पायऱ्या सोडणं बरं, दात्यांच्या खाली माल नीट भरला जात नाही. एका दिवसात चार-साडेचार फुटांवर चढवू नका. वीट भिजवून लावा, भिंतीवर सात दिवस पाणी मारा, हे तुमचा गवंडी सांगेलच.

भिंत कमरेपर्यंत आली आहे म्हणजे अजून हातात आहे. उद्या सकाळी माल टाकायच्या आधी जा आणि वरच्या थरातली एक टोकाची वीट हलवून बघा, अख्खी आहे की अद्धा. इथे फोटो टाकणार असाल तर वरून काढलेला कोपऱ्याचा टाका, समोरून काढलेला नको.