डिसेंबरमध्ये अमेरिकेतला म्युच्युअल फंड घ्यावा, की त्याऐवजी ईटीएफ (शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड)?

साध्या, म्हणजे करपात्र ब्रोकरेज खात्यात घेत असाल तर ईटीएफ घ्या. म्युच्युअल फंडच हवा असेल तर वर्षअखेरचं वाटप होऊन जाऊ द्या. अमेरिकन फंडांना वर्षभरात शेअर विकून झालेला नफा करनियमांमुळे गुंतवणूकदारांना वाटावाच लागतो, आणि बहुतेक फंड तो डिसेंबरच्या आसपास वाटतात. समजा, ५० डॉलर एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या किमतीने, २०० युनिट घेतले आणि आठवड्याने युनिटमागे ५ डॉलर वाटले. एनएव्ही ४५ वर येते, हातात १,००० डॉलर येतात. कमाई शून्य, पण कर पूर्ण १,००० वर. १५ टक्के दराने १५० डॉलर विनाकारण आत्ताच भरावे लागतात. पैसे पुन्हा त्याच फंडात गुंतवले तरी कर चुकत नाही. (भारतातल्या ग्रोथ ऑप्शनची, म्हणजे नफा न वाटता फंडातच ठेवण्याची, सवय असलेले आपले लोक इथेच फसतात. तशी सोय इथे नसते.) ईटीएफमधून मोठे व्यवहारी बाहेर पडतात तेव्हा त्यांना बहुधा रोख नव्हे, शेअरच दिले जातात. त्यामुळे फंडाच्या पातळीवर करपात्र नफा फारसा उरत नाही.

मात्र ईटीएफचा लाभांश करपात्रच असतो. आणि जुना फंड नफ्यात असेल तर निव्वळ ईटीएफसाठी तो विकू नका, त्या विक्रीवरचा कर वाटपावरच्या करापेक्षा जास्त भरू शकतो. ४०१(के) किंवा आयआरए या निवृत्तीच्या खात्यांत गुंतवत असाल तर हा प्रश्नच येत नाही.