ऑनर्सच्या लेकराला समुपदेशक कशाला?

मुखेड तालुक्यातल्या एका आईचा मेसेज आला. मुलगा बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, पहिल्यापासून वर्गात पहिला, कॉलेजनं ऑनर्सच्या, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या, गटात घेतलेला. ‘तिथल्या मॅडम म्हणाल्या, एकदा समुपदेशकाला भेटून घे. ह्याचे वडील भडकले. हुशार लेकराला असल्या ठिकाणी कशाला पाठवायचं म्हणाले. फाइलला नोंद झाली तर चौथ्या वर्षाला घेतील का? पुढं नोकरीत अडचण येईल का?’

दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं. आधी नोंदीचं सांगते, कारण खरी धास्ती तिचीच असते. समुपदेशनाची फाइल समुपदेशकाच्या कपाटात राहते. ती मार्कमेमोला जोडत नाहीत, टीसीवर तिचा शेरा येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा हक्क म्हणूनच लिहिलेला आहे. मी स्वतः कॉलेजात समुपदेशक आहे. मला कुणाशी बोलायचं झालं तर मी मुलाला विचारून बोलते. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प बसत नाही, आणि हे पहिल्या भेटीतच मुलाला सांगून टाकते. चौथ्या वर्षाचं म्हणाल तर तो मामला गुणांचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के, म्हणजे साडेसात सीजीपीए (सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी) असेल तर ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं. तेवढे नसतील तर संशोधनाशिवाय, नुसते विषय घेऊन ऑनर्स होतं. कुणाकडं किती वेळा जाऊन बसला, असा रकाना त्या फॉर्मात नाही.

वडिलांच्या प्रश्नाला मात्र असं दोन ओळींत उत्तर देता येत नाही. म्हणून एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि त्याच्या परवानगीनंच लिहिते आहे.

मुलगा लातूर जिल्ह्यातला, जळकोटकडचा. शिकायला नांदेडला. रसायनशास्त्र मुख्य विषय, सीजीपीए साडेआठच्या वर. चौथ्या वर्षाला जाऊ शकतील अशा मुलांचा एक गट आमच्याकडं पाचव्या सत्रापासूनच करतात आणि प्रत्येकाला छोटासा प्रकल्प देतात, संशोधनाची सवय लागावी म्हणून. यानं स्वतःच्या गावातल्या बोअरच्या पाण्याचा क्षारांमुळं येणारा जडपणा मोजायला घेतला होता. दर आठवड्याला एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती बाटल्या यायच्या, हा प्रयोगशाळेत टायट्रेशन करायचा, म्हणजे ईडीटीए नावाचं रसायन थेंब-थेंब घालून जडपणा मोजायचा.

तो माझ्याकडं स्वतःहून आला नाही. हुशार मुलं येत नाहीतच. नापास झालेलं पोरगं कधीतरी दारात उभं राहतं, भांडून आलेलंही येतं. पण ज्याला लहानपणापासून ‘ह्याच्याकडं बघायची गरजच नाही’ असं म्हणून वाढवलंय, त्याला मदत मागायची कशी हेच ठाऊक नसतं. अशांचं काही बिनसलं की ते पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाला तरी दिसतं. इथं ते प्रयोगशाळेतल्या मामांना दिसलं.

मामा ऑनर्सच्या समन्वयक मॅडमना म्हणाले, ‘मॅडम, ते पोरगं एकच सॅम्पल पुन्हा-पुन्हा करायलंय. ईडीटीएची बाटली बघता बघता संपायली. पाच वाजले तरी उठंना. आन् वहीत लिहितंय, ब्लेडनं खरडतंय, परत लिहितंय.’ एवढंच बोलले. पोरगं बिघडलं, टेन्शनमध्ये आहे, प्रेमात पडलं, असलं काहीही जोडलं नाही. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्हाला निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवायला शिकवतात. पुष्कळांना ते पदवी घेऊनही साधत नाही.

त्याच सुमारास परीक्षा विभागातले भाऊसाहेब मॅडमना व्हरांड्यात भेटले. हाच मुलगा खिडकीवर येऊन विचारून गेला होता, ‘तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं ना?’ थोड्या दिवसांनी परत तेच विचारायला आला. ‘येतं की,’ भाऊसाहेब म्हणाले, ‘पण साडेआठवाल्यानं ते दोनदा येऊन का विचारावं?’

मॅडमनी दोन्ही गोष्टी जुळवल्या. व्हॉट्सॲप गटावर ‘अमुक-अमुक यांनी समुपदेशन कक्षात उपस्थित राहावे’ असं टाकलं नाही. (असे मेसेज टाकणारे लोक आहेत, आणि मग मुलं येत नाहीत म्हणून तक्रारही तेच करतात.) दुपारी त्याला सोबत घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘हा उशिरापर्यंत लॅबमध्ये बसतोय, मला काळजी वाटते. तुम्ही दोघं बोला.’ आणि गेल्या.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, ‘मला काही झालेलं नाही मॅडम. टायट्रेशन जमंना, एवढंच.’ मी म्हटलं, मग पुढच्या वेळी वही घेऊन ये, मला दाखव काय जमंना ते.

वही घेऊन आला. एका पानावर आकड्यांचा रकाना, आणि तिथला कागद खरडून खरडून इतका पातळ झालेला की एके ठिकाणी भोक पडून मागच्या पानावरचं अक्षर दिसत होतं. वाईन-रेड रंग निळा झाला की थांबायचं, हे मला त्यानंच समजावलं. अगदी नीट समजावलं. म्हणजे जमत नव्हतं असं काहीच नव्हतं. एका दिवशीच्या तीन रीडिंग एकमेकींशी जुळत होत्या. जुळत नव्हते ते आठवड्या-आठवड्याचे आकडे. एकाच बोअरचं पाणी एका आठवड्यात ४०० च्या वर, पुढच्या आठवड्यात ३०० च्या आसपास. त्यानं इंटरनेटवरून कुठल्यातरी भागातले आकडे शोधले होते आणि आपले आकडे त्यांच्या जवळ येईपर्यंत प्रयोग करत बसला होता. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, त्याला तोंडपाठ होतं: जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण मला म्हणाला, ‘आमच्या बोअरचा खरा आकडा कुठं बघायचा असतो मॅडम? कुणाकडं तरी असंलच की.’

इथं मला त्याचं दुखणं कळलं. हा मुलगा आठवीपासून लातूरला शिकलेला. लातूर पॅटर्नची टिंगल करायची हल्ली फॅशन आहे. मी करणार नाही. त्या सराव परीक्षांनी आणि प्रश्नसंचांनी कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर-इंजिनियर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या सगळ्या वर्षांत याच्या समोर असा एकही प्रश्न आला नव्हता, ज्याची उत्तरसूची संध्याकाळपर्यंत भिंतीवर लागत नाही. पेपर द्यायचा, सूची बघायची, मार्क मोजायचे, झोपायचं. आता पहिल्यांदाच असा प्रश्न हाती आला होता ज्याचं उत्तर जगात कुणाकडंच नाही. त्याला वाटलं, उत्तर आहे, फक्त आपल्यालाच सापडत नाही. म्हणजे आपण मुळात हुशार नव्हतोच, आजवर कसंतरी निभावलं.

त्यात नीटचं झालेलं. एक वर्ष रिपीट करूनही सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही, म्हणून बीएस्सी. घरात वर्षभर कुणी त्या विषयावर बोललं नाही. ऑनर्सच्या यादीत नाव आलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा चारचौघांत सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘इथूनबी नाव गेलं तर कुठल्या तोंडानं सांगावं?’

मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागाच असायचा, मेसला सकाळचं जेवण बुडायचं. मग सरळच विचारलं, जगणं नको झालंय असं वाटतं का, जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी पुष्कळ पालकांची आणि काही शिक्षकांचीही समजूत आहे. तसं होत नाही. बहुतेक मुलांना उलट बरं वाटतं, की कुणीतरी विचारलं. तो नाही म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘फक्त दसऱ्याला गावाकडं जावं वाटंना.’

तो सप्टेंबर २०२५ होता. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलेलं. घरी चौथ्या वर्षाचा विषय काढायची त्याला लाज वाटत होती. खिडकीवर दोनदा विचारलेल्या प्रश्नाचं मूळ हे होतं.

यातलं माझं काम किती? थोडंच. झोप माझ्याकडं, आणि ‘जमलं नाही म्हणजे मी तसा नव्हतोच’ हे जे वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं, तेही माझ्याकडं. आम्ही एक केलं: वहीत पेननं लिहायचं, ब्लेड माझ्या टेबलावर ठेवायचं, आणि रोज शेवटी एक ओळ, ‘आज काय दिसलं’. बरोबर की चूक ते लिहायचं नाही. पाच वाजता मामा कुलूप लावणार, हेही ठरलं. मामांना मी कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. दोनेक वेळा ‘चल रे बाळा, चहा पिऊ’ म्हणून त्याला बाहेर काढलं, तेवढं मात्र मला नंतर समजलं.

आकड्यांचं उत्तर देणं माझं काम नव्हतंच. त्याच्या परवानगीनं मी मार्गदर्शक सरांशी बोलले, वहीपुरतंच. सरांनी त्याला बसवून घेतलं आणि पावसाच्या तारखा आकड्यांसमोर लिहायला लावल्या. मोठा पाऊस झाला की जडपणा उतरत होता. जमिनीत नवं पाणी मुरलं की खालचं पाणी पातळ होतं. तो ज्याला चूक समजून खरडत होता, तोच त्याच्या प्रकल्पाचा विषय निघाला. अर्थात खरडलेले तीन आठवडे गेले ते गेलेच. ते आकडे वापरायचे नाहीत, असं सरांनी बजावलं.

आणि भाऊसाहेब. त्यांनी त्याला खिडकीबाहेर उभं न करता आत खुर्ची दिली. तीन वर्षांनी बाहेर पडलास तरी पदवी पूर्णच असते, ती अर्धवट म्हणत नाहीत, हे पहिलं सांगितलं. मग हिशेब मांडला: तीन अधिक दोन केलं तरी एमएस्सीला पाच वर्षं, चार वर्षांचं ऑनर्स केलं तर पुढं एमएस्सी एका वर्षाची, म्हणजे पाचच. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडीची वाट एमएस्सीशिवायही उघडी राहते. राखीव प्रवर्गाला त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. हे सगळं बोलता बोलता त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांचं महाडीबीटी पोर्टल उघडलं. बँक खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं त्याच्या शिष्यवृत्तीचा हप्ता अडकून पडला होता. बँकेचा फॉर्म दिला, काय भरायचं ते दाखवलं. पैसे आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडला, तो माझ्या सगळ्या भेटींनी मिळून पडला नव्हता. मला याचं वाईट वाटत नाही. पोटाची आणि फीची चिंता बोलून जात नाही.

वडिलांशी फोनवर बोलले, मुलगा समोर बसलेला असताना. पहिलं वाक्य हेच: ‘मॅडम, आमच्या पोराला काय येड लागलंय का?’ म्हटलं, नाही दादा, झोप कमी झाली होती आणि तुमच्या सोयाबीनची काळजी होती. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, ‘त्यानं कशाला करावी ती? मी हाय की.’ आणि लगेच, ‘मग तलाठ्याचा फॉर्म कधी भरायचा?’ पदवी लागते, ती तीन वर्षांवर मिळते, नंतर भरा, असं सांगितलं. ते पटलं की नाही कुणास ठाऊक. मुलगा मात्र दसऱ्याला गावाकडं गेला, आणि येताना बाटल्या स्वतःच भरून घेऊन आला.

चौथ्या वर्षाचं त्याचं अजून नक्की नाही. सहाव्या सत्रानंतर बघतो म्हणतो. मला ते चालतं. ऑनर्सला नाही गेला तरी हे सगळं वाया गेलं असं मी धरणार नाही.

मुखेडच्या त्या दादांना मी एवढंच कळवलं, की तुमच्या मुलाला भेटायला सांगितलंय म्हणजे तिथं कुणीतरी त्याच्याकडं नीट बघतंय. तुम्ही कॉलेजला दोन गोष्टी विचारा. समुपदेशक प्रशिक्षित आहे का? आणि भेट कुणाला न कळता होते का, की स्टाफरूमच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून होते? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलंय. तालुक्याच्या पुष्कळ कॉलेजांत मानसशास्त्राच्या प्राध्यापकांवरच जादा कामाचा शिक्का मारून ते भागवतात. तुमच्याकडं तेही नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

आमच्याकडं ऑनर्सच्या माहितीपत्रकात समन्वयक, मार्गदर्शक आणि सगळ्यात शेवटी मी, एवढीच नावं असतात. यंदा समन्वयक मॅडमनी सत्राच्या पहिल्या बैठकीला परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह आणि प्रयोगशाळेतल्या लोकांनाही बोलावलं. कुणीतरी विचारलंच, शिपाई-क्लार्कचं इथं काय काम? मॅडम म्हणाल्या, त्यांना सांगायला नाही, त्यांच्याकडून ऐकायला बोलावलंय. मग मामांना बोलायला सांगितलं. ते आधी संकोचले, मग उभं राहून म्हणाले, वर्षाच्या सुरुवातीला पोरांना बाटल्या धुवायला आमच्यासंगं लावा. धुताना लेकरं बोलतात.